दोघे, दोन तट्टे आणि आडवाट

मराठी माणसाच्या तोंडी 'देश' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक देश शाळेच्या नकाशातला, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा. दुसरा देश सह्याद्रीचा घाट चढून आले की लागतो तो. कोकणातला माणूस 'देशावर निघालो' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हा दुसरा देश असतो. पहिला देश मोटारसायकलवरून पालथा घालण्याची हौस आज पुष्कळ तरुण जोडप्यांना आहे, आणि हौस चांगलीच आहे. लग्नाची हळद फिटते न फिटते तोच लडाखचे बेत सुरू होतात. इमारतीच्या तळमजल्यावर एक धिप्पाड गाडी येऊन उभी राहते, तिच्या दोन्ही अंगांना पेट्या चढतात, आणि घरातली वडीलधारी माणसे 'एवढं लांब? तेही फटफटीवर?' म्हणून काळजी करू लागतात.

काळजी रास्त आहे, पण तिचा रोख चुकतो. अंतराने माणूस थकतो, बिघडत नाही. आडवाटेवर खरा त्रास देते ते गाडीचे वजन. चिखलात आडवी झालेली अडीचशे किलोची गाडी उचलायला गाव गोळा करावे लागते. शंभर-सव्वाशे किलोची गाडी दोन माणसे उभी करतात, हात झटकतात आणि पुढे निघतात. म्हणून डांबर सोडून, जोडीने, एखादा मुलूख ओलांडायचा असेल तर लहान गाडी घ्यावी. आणि एक नको, दोन घ्याव्यात. एक त्याची, एक तिची. हे सांगण्यासाठी परदेशातल्या शूर प्रवाशांकडेच पाहायला हवे असे नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आहेत. या विद्येची शाळा तिथे पिढ्यान्‌पिढ्या भरते आहे.

भीमथडीचा वारसा

शिरूर आणि दौंड यांच्यामधून भीमा वाहते. पुष्कळ अंतर तीच दोघांची हद्द आहे. तिच्या दोन्ही काठांचा मुलूख तो भीमथडी. दौंडकडच्या भागाला इंग्रजी अमदानीत भीमथडी तालुका असेच नाव होते. या काठांवर निपजलेले घोडे म्हणजे भीमथडीची तट्टे. अरबी घोड्यासारखा त्यांचा थाट नाही. अंगाने लहान, पायाने पक्की, मिळेल त्या चाऱ्यावर राहणारी आणि दगडधोंड्यांत न अडखळणारी अशी ही जात. मराठ्यांच्या फौजा त्यांच्या पाठीवर बसून उत्तरेपर्यंत गेल्या. २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतातही या तट्टांचा उल्लेख आहे. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हे ऐकून भीमाकाठच्या माणसांना नक्कीच बरे वाटले असेल.

ही तट्टे आज प्रामुख्याने उरली आहेत ती धनगरांकडे. पावसाळा सरला की मेंढरांचे वाडे चाऱ्याच्या शोधात निघतात. तट्टाच्या पाठीवर सगळा संसार लादलेला असतो: भांडीकुंडी, वाघर, अंथरूण, कधी वर बसवलेले पोर, कधी पाय बांधलेली कोंबडी. बाप्ये मेंढरांमागे असतात आणि तट्टाचा कासरा बहुधा बाईच्या हातात असतो. मुक्काम कुठे करायचा, पाणी कुठे, चूल कुठे मांडायची, हे तिला ठाऊक असते. जोडीने मुलूख ओलांडण्याची आपल्याकडची खरी रीत ही अशी आहे. वाहन लहान, सामान मोजके, आणि वाहनाची दोरी बाईच्याही हाती.

तट्टाची जागा पुढे फटफटीने घेतली. नगरच्या कारखान्यातून कायनेटिकची लूना १९७२मध्ये बाहेर पडली. पन्नास सीसीचे ते किडमिडीत वाहन, चढावर पायडल मारावे लागायचे. पण शाळामास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते आपले मानले. मग बजाजची एम-८० आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पुढे पोरगं, मागे बायको आणि तिच्या मांडीवर घासाचा भारा, एवढे ओझे घेऊन ती पाणंदीतून निघायची. १९८५मध्ये हीरो होंडाची सीडी-१००, आणि १९९४मध्ये स्प्लेंडर आली. आज वस्तीवस्तीवर उभी असते ती यांचीच भावंडे. यांच्यापैकी एकीच्याही जाहिरातीत बर्फाचे डोंगर नव्हते. पण डांबर नसलेल्या वाटेवर रोज, बारा महिने, दोन माणसांना घेऊन जाण्याचा अनुभव यांच्याइतका कोणाच्या गाठीशी असेल?

आडवाटेचे शास्त्र

आडवाट म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला एकदम कळत नाही. दोन शिवांमधली पाणंद पाहावी. बैलगाड्यांनी आणि आता ट्रॅक्टरांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंचवटा, दोन्ही बाजूंना बाभळी. 'चाकोरीबाहेर जाणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण पुढचे चाक एकदा खऱ्या चाकोरीत सापडले की बाहेर काढणे किती कठीण असते, ते चालवणाऱ्यालाच कळते. हँडल जोराने वळवले की गाडी आडवी झालीच. वेग कमी ठेवून, नजर दूर ठेवून, चाकोरी उथळ होईल तिथे हलकेच बाहेर यावे लागते.

काळ्या रानातला चिखल हा दुसरा गुरू. पहिल्या चांगल्या पावसानंतर तो चाकाला असा चिकटतो की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसून चाकच फिरेनासे होते. शेतकरी काठीने किंवा सळईने तो उकरतो, आणि पुष्कळदा सरळ वाट पाहतो. काळे रान चार दिवसांत वाळते. घाई करणाऱ्याचे मात्र क्लचप्लेट जळतात. उन्हाळ्यात याच मातीचा फुफाटा होतो. घोटाभर धुळीत पुढचे चाक पोहू लागते. अशा वेळी टायरमधली हवा थोडी कमी केली की चाक पसरते आणि पकड येते. डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरायची, हे विसरायचे नाही.

तिसरा धडा पाण्याचा. ओढा ओलांडण्यापूर्वी एकाने पायी जाऊन पाहावे: तळाला खडी आहे की गाळ, पाणी गुडघ्याच्या वर येते का, ओढ किती. मग पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, मध्ये न थांबता पलीकडे जायचे. गाडी पाण्यात पडलीच तर लगेच किक किंवा बटण मारू नये. इंजिनात पाणी गेले असेल तर नुकसान तेव्हाच होते. आधी प्लग काढायचा, इंजिन रिकामे फिरवून पाणी बाहेर काढायचे, प्लग पुसून बसवायचा, मगच चालू करायचे. पावसाने फुगलेल्या ओढ्यात मात्र कोणतीच युक्ती चालत नाही. तिथे अलीकडच्या काठावर चहा करावा.

या साऱ्यात मोठ्या इंजिनाचा उपयोग फारसा नसतो. आडवाटेवर दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुष्कळ झाले. शंभर सीसीची गाडी लिटरला पन्नास-साठ किलोमीटर सहज देते, तेव्हा पंपाची चिंता नाही. शिवाय तिचा क्लचवायर, चेन, ब्रेकशू आडगावातल्या टपरीवरही मिळतो आणि ते बसवणारा माणूसही मिळतो. बाभळीच्या काट्याने ट्यूब फुटली तर पंक्चर काढणे दोघांनाही यायला हवे. जिथे हवेचा पंप नाही तिथे सायकलचा पंपही चालतो.

दोन हँडल का?

आता मुख्य मुद्दा. एकाच गाडीवर दोघे का नाही? डांबरी रस्त्यावर जरूर जावे. पण आडवाटेवर मागच्या माणसाचे वजन मागच्या चाकावर येते, पुढचे चाक हलके होते, आणि धुळीत किंवा रेतीत नेमके पुढचेच चाक दगा देते. खड्डा आला की चालवणारा पायांवर उठून धक्का सोसतो. मागच्याला खड्डा दिसतच नाही, तो पाठीच्या कण्याने तो मोजतो. त्यात सामानाची भर पडली की लहान गाडी बिचारी बसते, आणि मग मोठी गाडी घ्यावी लागते. म्हणजे मोठी गाडी लागते ती रस्त्यासाठी फारशी नाहीच; एकाने मागे बसायचे ठरवले म्हणून लागते.

दोन लहान गाड्या असल्या की हिशेबच बदलतो. सामान वाटले जाते. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या घेतल्या तर सुटे भाग एकच जोडी पुरतात. एक बंद पडली तर दुसरी मेकॅनिक आणायला जाते. एक ओढ्यात उतरते तेव्हा दुसऱ्या काठावर पाहणारे, हाक मारणारे, प्रसंगी धावून येणारे कोणीतरी असते.

जगाचा अनुभवही याच बाजूचा आहे. आन-फ्रान्स दोतव्हिल या फ्रेंच पत्रकार बाईंनी १९७३ साली जगप्रवास केला तो सव्वाशे सीसीच्या कावासाकीवर. ख्रिस आणि एरिन रॅटे हे अमेरिकन जोडपे १९९९ ते २००३ अशी चार वर्षे जगभर फिरले. दोघांच्या दोन स्वतंत्र मोटारसायकली होत्या, आणि त्यांच्या नावावर एक लाख मैलांहून अधिक प्रवासाची नोंद आहे. मंगोलियाचा बराचसा मुलूख आजही बिनडांबराचा आहे. मोकळ्या गवताळ माळावर चाकांच्या दहा खुणा दिसतात, त्यातली कोणती धरायची ते आपण ठरवायचे. तिथले मेंढपाळ घोड्याच्या जोडीला आता चिनी बनावटीची दीडशे सीसीच्या आसपासची मोटारसायकल वापरतात. आपल्या धनगरी वाड्यावरच्या माणसाला ते दृश्य परके वाटणार नाही.

कायद्यानेही जागा मागेच धरली

हा सगळा हौसेचा मामला आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. आपल्या मोटार वाहन नियमांत मोटारसायकलीला मागच्या माणसासाठी हाताला धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाला अर्धे झाकणारे कव्हर असावे असे सांगितले आहे. साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून हे कव्हर. बाजारात त्याला 'साडीगार्ड' असेच नाव पडले. काळजी चांगली आहे, आणि या कव्हराने कित्येक जीव वाचले असतील. पण त्या नावातच एक गृहीत आहे: साडी मागेच बसणार.

शिरूर-दौंडच्या कोणत्याही वस्तीवर हे गृहीत किती महागात पडते ते दिसते. घरातला पुरुष रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. घरी पोराला ताप भरतो, म्हैस अडते, सासऱ्यांच्या छातीत दुखू लागते. दारात दुसरी मोटारसायकल असली तरी ती चालवणारे कोणी नसते. हल्ली पुष्कळ बाया स्कूटी चालवतात. शिक्षिका, आशाताई, अंगणवाडीताई रोज वीस-पंचवीस किलोमीटर जातात, ही मोठीच गोष्ट आहे. पण स्कूटीची चाके दहा-बारा इंचांची. डांबरावर ती पळते. वस्तीपासून डांबरापर्यंतच्या पाणंदीत मात्र पावसाळ्यात तिचे चाक चाकोरीत बुडते. मोटारसायकलचे चाक सतरा-अठरा इंचांचे असते, ते त्याच खड्ड्यावरून निघून जाते. म्हणजे गिअरची गाडी शिकणे हा फॅशनचा प्रश्न उरत नाही, तो घरातल्या सोयीचा आणि कधी कधी जिवाचा प्रश्न होतो. बिनगिअरच्या आणि गिअरच्या गाडीच्या परवान्याचे प्रकार वेगळे आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे. हेल्मेट तर दोघांनाही हवे, मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हवे.

याच दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथले. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि पुढे हे जोडपे मुलांना घेऊन पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडले. दुष्काळात आईबाप गेल्यावरही रमाबाई आणि त्यांचे बंधू चालत राहिले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. देश पायाखाली घातलेल्या त्या बाईने पुढे बायकांच्या शिक्षणासाठी काय केले ते सर्वांना माहीत आहे. पुस्तकातली विद्या आणि वाटेवरची विद्या, दोन्ही त्यांना मिळाल्या होत्या. आपण मुलींना पहिली देतो, दुसरी देताना अजून हात आखडतो.

भीमेचे आठशे एकसष्ट किलोमीटर

मग सुरुवात कुठून करावी? लडाख कुठे पळून जात नाही. एक हिवाळा घराजवळ शिकण्यात घालवावा. आधी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर क्लच आणि ब्रेक. मग पाणंद. मग पाटाच्या कडेची वाट: चासकमानचा कालवा शिरूरकडे येतो, खडकवासल्याचा दौंडमधून इंदापूरकडे जातो. एका बाजूला पाणी असले की हँडल सरळ धरायला माणूस आपोआप शिकतो. एखाद्या रविवारी टाकळी हाजीच्या बाजूने कुकडीतले रांजणखळगे पाहून यावे. दुसऱ्या रविवारी इनामगाव. घोड नदीकाठच्या त्या गावी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. आपल्या आधी या वाटांनी कोण कोण गेले, याचा तिथे अंदाज येतो.

एवढे जमले की खरा प्रवास घ्यावा: भीमा, उगमापासून संगमापर्यंत. भीमाशंकरच्या डोंगरात ती निघते आणि ८६१ किलोमीटर वाहून रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. हमरस्ता जिथे टाळता येईल तिथे टाळून, काठाकाठाच्या गावरस्त्यांनी आणि पाणंदींनी जायचे. चासकमान, राजगुरुनगर, तुळापूरचा संगम, कोरेगाव. मग शिरूर-दौंडची हद्द. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा येऊन मिळते, पुण्याचे मळके पाणी घेऊन. दौंडच्या खाली पेडगाव. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण या पेडगावाशी जोडली जाते, तेव्हा नातेवाइकांना प्रवासाचे कारण सांगायला तिचा उपयोग होईल. तिथला बहादूरगड पाहावा. पुढे सिद्धटेकचा गणपती, मग उजनीचे पसरलेले पाणी आणि थंडीत भिगवणजवळ उतरणारे रोहित. मग पंढरपूर, जिथे भीमेची चंद्रभागा होते. तिथून कर्नाटकात, गाणगापूरचा संगम, आणि शेवटी कृष्णा. आठ-दहा दिवसांचा हा प्रवास आहे. मुक्कामाला देवस्थानांची भक्तनिवासे, जेवायला घरगुती खाणावळी. सह्याद्रीपासून थेट तेलंगणाच्या उंबरठ्यापर्यंत देश ओलांडला, असे म्हणायला हरकत नाही.

काही पथ्ये पाळावीत. पेरलेल्या रानात, बांधावर गाडी घालू नये. आडवाट म्हणजे कोणाच्या शेतातून वाट नव्हे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या गवताळ माळांवर चिंकारा असतात, तिथे ठरलेल्या वाटेबाहेर चाक नेऊ नये. नदीच्या पात्रात उतरण्याचा मोह टाळावा. वाळूउपशाने पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. आणि शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात दिवस मावळण्याआधी मुक्काम गाठावा. उसातला बिबट्या तिथे ऐकीव गोष्ट नाही, त्याने माणसे गमावलेली घरे आहेत.

राहिला प्रश्न दोघांचा. दोन गाड्यांच्या प्रवासात एक गंमत असते. फुफाट्यामुळे मागच्याला शंभर पावले अंतर ठेवावे लागते, म्हणून तासतासभर बोलणे होत नाही. जुने प्रवासी दोन नियम सांगतात. ज्याचा हात सावकाश, त्याने पुढे राहायचे. आणि प्रत्येक वळणावर, मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे. हे दोन नियम संसारालाही लागू पडतात, पण ते ज्याचे त्याने ठरवावे. माळावरच्या पहिल्या धड्यापुरते सांगायचे तर, तिच्या हातात गाडी दिली की नवऱ्याने लांब लिंबाखाली जाऊन बसावे. 'क्लच सोड, क्लच!' असे ओरडू नये. गाडी एक-दोनदा बंद पडेल, एकदा आडवीही होईल. ती उचलायला हाक आली तरच उठावे.